विमानातून आपले कोराडी : खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

विमानप्रवास ही आता केवळ साहेबांची गोष्ट राहिलेली नाही. कोराडी, महादुल्याच्या वस्त्यांतून मुले मुंबई, पुणे, दिल्लीला नोकरीस गेली आणि आईबाबांना विमानाचे तिकीट पाठवू लागली. आनंदाची गोष्ट आहे. पण आयुष्यात एकदोनदाच विमानात बसायचे, तर डोळे भरून पाहता आले पाहिजे. म्हणून खिडकीविषयी चार गोष्टी आम्ही येथे सांगत आहोत.

आधी नकाशा समजून घ्यावा. आपला विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहराच्या नैर्ऋत्येला आहे. २००५ साली त्याला डॉ. बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. कोराडी शहराच्या उत्तरेला. मुख्य धावपट्टीवर १४ आणि ३२ हे आकडे असतात. त्यांना दहाने गुणले की होकायंत्रावरची दिशा कळते. एक टोक आग्नेयेकडे, दुसरे वायव्येकडे. धावपट्टीवर विमानाचे तोंड वायव्येला असेल तर शहर, दीक्षाभूमी आणि कोराडी उजव्या हाताला येतात. आग्नेयेला असेल तर डाव्या हाताला. विमान वाऱ्याला तोंड देऊन चढते-उतरते, त्यामुळे ही दिशा ऐनवेळी ठरते. तरी दिल्लीला जाताना उजवी आणि परतताना डावी खिडकी मागावी, हे बहुधा बरोबर ठरते. वायव्येकडे उड्डाण झाले आणि आकाश स्वच्छ असले, तर अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा आणि शेवटी कोराडीचा तलाव असे पाणी ओळीने उजवीकडे येते.

दुसरी गोष्ट उन्हाची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून मुंबईहून नागपूरला येताना डावी बाजू आणि जाताना उजवी बाजू घेतली, तर ऊन डोळ्यांवर येत नाही.

तिसरी गोष्ट पंखाची. एका रांगेत सहा आसने असलेल्या विमानात 'ए' ही डावी खिडकी आणि 'एफ' ही उजवी. मधल्या रांगांत खाली पाहू गेले की पंखच दिसतो. म्हणून अगदी पुढची किंवा मागची रांग बरी. काही रांगांत तर खिडकीच्या जागी नुसती भिंत असते, हेही विचारून घ्यावे. आवडीचे आसन आधी राखायचे तर बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेतात. ते परवडत नसेल तर विमानतळावर लवकर जाऊन काउंटरवर नम्रपणे विचारावे. खिडकी शिल्लक असली तर मिळू शकते.

आता पाहायचे काय? कोराडीचे वीज केंद्र १९७४ साली सुरू झाले. आज तेथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. मुलांना दाखवावे की उंच, बारीक ती धुराची चिमणी आणि रुंद, पोट आत गेलेले ते पाणी थंड करण्याचे मनोरे. त्यांतून निघते ती वाफ, धूर नव्हे. पलीकडे खापरखेड्याच्या चिमण्या. आणि करड्या रंगाचे ते विस्तीर्ण मैदान म्हणजे राखेचा तलाव. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील अशाच तलावाचा बांध फुटून राख शेतांत आणि नाल्यांत शिरली होती.

जमिनीवरून आपल्याला चिमणी तेवढी दिसते. राख कोठे साठते, पाणी कोणत्या वाटेने वाहते आणि माणसांची घरे त्यापासून किती जवळ आहेत, हे वरून एका नजरेत कळते. उद्या ग्रामसभेत राखेचा प्रश्न निघाला, तर ज्याने हे पाहिले आहे त्याचे बोलणे अधिक नेमके होईल.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पाचदहा मिनिटांचाच हा देखावा आहे. त्या वेळी खिडकी मुलाला किंवा म्हाताऱ्या आईला द्यावी, आणि शेजारी बसून बोटाने एकेक ठिकाण ओळखून दाखवावे.