भिंतीवरचा पिंजरा

सगळी पाखरं मोकळी आणि एकच पिंजऱ्यात, हे काही केल्या पटत नाही. रंगवलेल्या बागेतून उडून जाणार कोण? मग पिंजरा कशाला?

बाग लिविआची, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या बायकोची. रोमबाहेर प्रिमा पोर्ता इथे तिचा व्हिला होता. त्यात अर्धवट जमिनीखाली एक दालन, सुमारे 12 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद. बाहेरचं काही दिसावं अशी खिडकी नाही, म्हणून चारी भिंतींवर बाग. पुढे कामट्यांचं बुटकं कुंपण, मग गवताची पट्टी, मग संगमरवरी कठडा आणि त्यामागे झाडी, लांब जाईल तशी निळसर, धुरकट होत गेलेली. गुलाब फुललाय, कण्हेर फुललीय आणि त्याच घटकेला डाळिंबंही पिकलीत. ऋतूंचा हा घोळ चित्रकाराच्या नजरेतून सुटला म्हणावं, तर वाऱ्याने वळलेली पानंसुद्धा त्याच्या नजरेतून सुटलेली नाहीत. 1863 साली हे दालन सापडलं. पुढे जवळजवळ 90 वर्षांनी भिंतींवरची चित्रं उतरवून रोमच्या संग्रहालयात नेली. पिंजरा त्या कठड्यावर आहे, कुणीतरी हातातून क्षणभर खाली ठेवावा तसा.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. आमच्या घरी ही म्हण दुधापासून सांगून आलेल्या स्थळापर्यंत कशालाही लावत. इथेही लावून पाहते, तर पूर्वार्ध बसतो, उत्तरार्ध लोंबकळत राहतो. लिविआच्या पंगतीतलं कुणी फसलं असेल? समोर चुन्याचा गिलावा आहे हे प्रत्येकाला माहीत. ग्रीक चित्रकार झ्यूक्सिसच्या द्राक्षांवर पाखरं झेपावली आणि त्याचा प्रतिस्पर्धी पारासियसने काढलेला पडदा बाजूला करा म्हणताना खुद्द झ्यूक्सिस फसला, ही गोष्ट रोमन लेखक प्लिनी सांगतो खरा. पण तिथे पैज होती. राहत्या घरात कोण पैज लावून बसतं? पाँपेईतल्या घरांत खऱ्या दाराला जोड म्हणून रंगवलेली दारं आहेत. पाहुणा पहिल्या भेटीत फसेलही. घरची माणसं मात्र रोज त्या दारावरून जातात, ते उघडणार नाही हे जाणतात आणि तरीही ते पुसून टाकत नाहीत. फसणं संपल्यावरही दार उरतं. त्या उरलेल्या दाराचं काय, याबद्दल म्हण गप्प आहे.

व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुविशारद मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. वेताच्या काडीवर छप्पर कसं तोललं जाईल, फुलातून अर्धा माणूस कसा उगवेल, अशा त्याच्या भित्तिचित्रांतल्या नव्या फॅशनबद्दलच्या तक्रारी. मला त्या तक्रारी रुक्ष वाटतात. भिंतीने खरं बोलावं हा हट्ट कशासाठी?

म्हण एका ठिकाणी मात्र नेमकी लागू पडते, आणि तिथे फसलेलो आपण. पाँपेईचा म्हणून जो लाल रंग जगभर मिरवतो, त्यातला काही मुळात पिवळा होता. पिवडी तापली की तिची काव होते. 79 साली व्हेसुव्हिअस ज्वालामुखीने ते काम परस्पर उरकलं.

खरा उंची लाल म्हणजे हिंगूळ. तो स्पेनच्या खाणीतून येई आणि त्याचा भाव कायद्याने बांधलेला होता, पौंडाला 70 सेस्टर्स. फाबेरियस नावाच्या एका कारकुनाने आव्हेंतीन टेकडीवरच्या घरात भिंतीच्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या. उघड्यावरच्या उजेडाने 30 दिवसांत त्या काळवंडल्या, आणि बापड्याला दुसरे रंग लावून घ्यावे लागले. असे महाग रंग मालकाने पुरवायचे असत. भारतातून गेलेली नीळही त्यांतलीच. आता प्लिनी काय सांगतो पाहा: चित्रकार रंगाने भरलेला कुंचला पुन्हा पुन्हा पाण्यात धुतात. हिंगूळ जड, तो तळाशी बसतो. वरचं पाणी ओतून दिलं की गाळ कारागिराचा.

हे वाचल्यापासून बाग बाजूला राहिली आहे. ओला गिलावा वाळायच्या आत हात चालवायचा आणि मधूनच, गरज नसताना, कुंचला बुडवायचा. मालक मागे उभा असेल तर त्याला काय दिसत असेल? टापटीप काम करणारा माणूस. ही चोरी म्हणावी तर माझी सहानुभूती चोराकडे जाते. पुढे 301 साली सम्राट डायोक्लेशियनने मजुरीचे कमाल दर ठरवले, त्यात भिंत रंगवणाऱ्याला दिवसाला 75 देनारी आणि आकृत्या काढणाऱ्याला 150. पण सहानुभूतीलाही आधार हवा. चोरी सगळेच करत की एखादाच? प्लिनी रंग विकत घेणाऱ्यांच्या वर्गातला. रंगाऱ्यांनी त्यांची बाजू कुठे लिहून ठेवलेली नाही.

नावंही जवळजवळ नाहीतच. पाँपेईतल्या एका घरात, बागेच्या टोकाच्या बैठकीपाशी, लुकियुसने हे रंगवलं एवढी अक्षरं आहेत. त्याची चित्रं बेताची आहेत, मान्य करायला हवं. सही करावी असं त्याला वाटलं, आणि लिविआची बाग रंगवणाऱ्याला वाटलं नाही. की त्याला कुणी करू दिली नाही? मला दुसरं खरं वाटतं, पण तसं म्हणायला हातात काही नाही.