पत्त्याची चिठ्ठी

शासकीय सेवेत असताना अभिलेखागारात आम्ही एक गोष्ट पुष्कळदा पाहिली. बस्त्यातून नस्ती काढली, की तिच्या जागी चिठ्ठी ठेवावयाची : ‘नस्ती अमुक शाखेत.’ पुढे ती शाखाच दुसऱ्या इमारतीत जाई. चिठ्ठी मात्र जुनाच पत्ता सांगत राही. निवृत्तीनंतर इंदूरच्या घरी हीच चिठ्ठी संगणकात भेटेल, असे आम्हांला वाटले नव्हते.

घराण्यातील मोडी पत्रे आणि होळकर संस्थानातील नोकरीचे कागद स्कॅन करून आम्ही लिनक्सवर ठेवले आहेत. एकच पत्र ‘आजोबा’ व ‘घराचे व्यवहार’ अशा दोन्ही फोल्डरांत दिसावे, म्हणून पुतण्याने सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुवे, करून दिले. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत आलेली ही सोय. दुव्यात मजकूर नसतो; मूळ फाइलचा पत्ता तेवढा असतो. या मांडणीचा बॅकअप रोज रात्री ‘टार’ ही आज्ञा घेई. तिला ‘वजा एच’ हा पर्याय दिला होता. म्हणजे दुव्याच्या पत्त्यावर जाऊन मूळ फाइलच उचलावयाची. सात दिवसांपूर्वीची प्रत आपोआप पुसली जाई.

डिस्क भरली तेव्हा मूळ फोल्डर आम्ही नव्या डिस्कवर हलविला आणि दुबार वाटलेली काही पाने त्याच दुपारी काढून टाकली. सकाळी अहवालात तक्रारींची रांग : ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. यादीत नाव आहे, उघडू जाता फाइल नाही! आम्ही घाईने ‘वजा एच’ काढला. तक्रारी थांबल्या. ‘निरंक’ अहवालावर समाधान मानण्याची नोकरीतली सवय सुटली नव्हती.

अकराव्या दिवशी सहज बॅकअपचा आकार पाहिला. सहा जीबीच्या जागी एक एमबीही नाही! त्या पर्यायावाचून टार दुवा हा दुवा म्हणूनच साठवतो. आम्ही रोज रात्री चिठ्ठ्यांचीच जपणूक करीत होतो. पुतण्या एवढेच म्हणाला, “काका, तक्रार करणारा बॅकअप बरा होता.”

‘फाइंड’ला ‘एक्सटाइप एल’ सांगितले की तुटलेले दुवे तेवढे निघतात. २१४ निघाले. ‘रीडलिंक’ने प्रत्येकातील पत्ता वाचला. मूळ फाइली व मांडणी एकाच फोल्डराखाली आणून दुवे सापेक्ष पत्त्यांनी पुन्हा लिहिले. आता दोन्ही एकत्र हलविले तरी ते तुटणार नाहीत. ‘वजा एच’ पूर्ववत केला आणि बॅकअप वेगळ्या जागी उलगडून पाने उघडून पाहिली. २०७ पाने दिसली.

सात नाहीत. दुबार समजून काढलेली ती हीच. आठवड्याच्या आत पाहिले असते, तर जुन्या प्रतीत मिळाली असती. त्यांचे कागद ग्वाल्हेरच्या चुलत घरी होते. ते घर विकताना रद्दीत गेले.

ते सात दुवे आम्ही पुसले, कारण जुन्या तक्रारींत नवी तक्रार दडते. परंतु आधी त्यांची नावे वहीत उतरविली आणि समोर लिहिले : ‘अप्राप्य. आमच्या हातून.’