पान कोणाचे?

दुकानाच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी परवान्याची चौकट लटकलेली मी लहानपणापासून पाहत आलो आहे. परंतु आमच्या सोलापुरातला एक मोठा धंदा जिथे चालतो, तिथे अशी चौकट लागतच नाही. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून हिंडलात, तर दारोदारी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतील. कातरलेले पान, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा वेढा, झाली विडी! मग हजाराच्या हिशोबाने ती कारखान्यात जाते.

पण कारखाना म्हणायचे कशाला? विड्या मोजून घेतात त्या जागेला, की त्या वळतात त्या घराला? 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने याचे दिलेले उत्तर मला मोठे संसारी वाटते. मालकाच्या जागेला त्या कायद्याने परवाना लागत असे, तोही त्या आर्थिक वर्षापुरताच. राहत्या घराला मात्र नको. तथापि मालकाची किंवा ठेकेदाराची पाने घेऊन त्या घरात विडी वळणारी बाई कामगारच. घरच्यांना हाताशी घेऊन स्वतःचा धंदा करणारा तेवढा कायद्याबाहेर. म्हणजे घर कोणाचे, हे न विचारता कायद्याने पान कोणाचे, एवढेच विचारले!

त्यावरही काही चतुर ठेकेदारांनी पळवाट काढली. पाने-तंबाखू ‘विकायची’ आणि विड्या ‘विकत घ्यायच्या’. कागदावरची कामगार नाहीशी होते, व्यापारीण उरते. आणि फंड बुडतो तो बुडतोच.

ओळखीच्या एका अक्कांना मी हे कौतुकाने सांगू लागलो. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “घराला लायसन नको, बरं झालं. पण तंबाखूचा वास पोराच्या पाळण्यापर्यंत जातो, त्याला कुणी परवाना दिला?”

मला उत्तर सुचले नाही.

कुंभारीला 2006 साली गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. विडीने घर दिले खरे. पण पाठोपाठ सूपही त्या घरात आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो जुना कायदा नव्या श्रमसंहितेत सामावला आहे.

कायद्याने घराला कारखाना म्हटले नाही, हा त्याचा सभ्यपणा. परंतु दिवाळीचे चार दिवस सूप फळीवर ठेवता येईल एवढी मजुरी त्या घराला मिळाली, तरच तो सभ्यपणा खरा.