कडवंचीची तळी आणि मावशींचे गायरान

2025 च्या डिसेंबरात एका नातलगाच्या मुलीच्या मंगल परिणयानिमित्त आम्ही उभयता देवगिरी एक्स्प्रेसने जालन्याला गेलो होतो. कचेरीतून चार दिवसांची रजा मिळाली होती. कार्य एका दिवसात उरकले. उरलेले दिवस जेवणावळींत घालवण्यापेक्षा कडवंची गाव पाहावे आणि तेथून सौ.च्या मावशींना भेटावे, असे आम्ही ठरवले. लग्नाला म्हणून आणलेली साडी नेसून शेततळी पाहायला कोण जाते, असे सौ.चे म्हणणे होते. तरीही त्या आल्या.

कडवंची जालना तालुक्यात आहे. 1996 ते 2002 या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली येथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचे काम केले. पुढे गावकऱ्यांनी शेततळी खोदली. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या, तेव्हा येथल्या द्राक्षबागा तगून राहिल्या. हे आम्ही वाचले होते. पण तळ्यामागून तळे पाहत चालताना त्याचा अर्थ अधिक कळतो.

एका तळ्याच्या काठावर उभे राहून आम्ही सवयीने हिशेब मांडला. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल, कडांचा उतार वजा जाता सुमारे 22 लाख लिटर पाणी! पावसाने महिनाभर दडी मारली तरी ज्याच्याकडे हे आहे, त्याला झोप लागेल. मात्र जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिक अंथरलेली तळी पावसाच्या पाण्याने नव्हे, तर विहिरी-बोअरचे पाणी उपसून भरली जातात. जमिनीखालचे पाणी सगळ्या गावाचे. ते वर आणून एकाच्या तळ्यात साठवले की एकाचे होते. शिवाय उन्हाने उडून जाते ते वेगळेच. कडवंचीने आधी पाणी जिरवले आणि मग तळी खोदली, हा क्रम इतर गावे विसरतात, असे आमचे मत झाले.

मावशींचे गाव बदनापूर तालुक्यात. वस्ती गावाबाहेर आणि शेत त्याहून बाहेर, गायरानाच्या मुरमाड उतारावर. तीन एकर. मावशींचे सासरे 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते आणि परत आल्यावर त्यांनी हा माळ वहितीस आणला. दगड वेचून वेचून त्यांनी उताराला आडवे बांध घातले. आज त्याच बांधांना पाणलोटाचे काम म्हणतात!

मावशी सत्तरीच्या. बांधावर बसवून त्यांनी आम्हाला सगळे सांगितले. पूर्वी मृग लागला की पेरणी, हा नियम. आता त्या नक्षत्र पाहत नाहीत. ओल किती खोल गेली, ते कुदळीने उकरून पाहतात. 2025 साली तर मे महिन्यातच पाऊस आला. लोकांनी तिफणी काढल्या, नंतर पावसाने ओढ दिली आणि काहींवर दुबार पेरणीची पाळी आली. "जावईबापू, मला बी इकत घ्यायला दुसऱ्यांदा पैसा कुठून यायचा? म्हणून मी थांबले," मावशी म्हणाल्या. सोयाबीनचे बी त्या घरचेच ठेवतात. ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडायचे, पोते गुंडाळायचे आणि आठवड्याने मोजायचे. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो; कमी उगवले तर बी वाढवायचे. ही मोजणी नात करते आणि वहीत लिहिते. वही आम्ही पाहिली. आमच्या कचेरीतले कित्येक रजिस्टर इतके स्वच्छ नसते.

सोयाबीनमध्ये तुरीची ओळ असते. वाण बदनापूरच्या संशोधन केंद्राचा, बीडीएन 711. तो लवकर निघतो, म्हणून हलक्या रानातली ओल संपण्याआधी हाती येतो. नुसता कापूस त्यांनी 2015 च्या दुष्काळानंतर सोडला. घरी सहा शेळ्या आहेत. मावशी त्यांनाच बँक म्हणतात.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मावशींचे सोयाबीन उभ्या शेंगांत कुजले. तूर मात्र उतारावर होती, पाणी थांबले नाही, म्हणून वाचली. पंचनाम्याला माणूस आला. त्याने सातबारा मागितला. सातबाऱ्यावर सरकार आहे, मावशी नाहीत. तो शेजारच्या शेतात गेला.

येथे आमच्या मनाला फार लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठीच आहे. नव्या विहिरीसाठी किमान 0.40 हेक्टर जमीन लागते. मावशींकडे त्याच्या तिप्पट निघेल! पण ती नावावर हवी. कर्ज, विमा, शेततळे, सगळे त्याच एका कागदापाशी अडते. 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 सालीच निघाला. त्यानंतर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावची सार्वजनिक जमीन मोकळी करण्याचा निकाल दिला. त्या निकालाचा धाक वस्तीला वारंवार दाखवला जातो. पण सरकारी निर्णयाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे, हे कोणी सांगत नाही.

मावशींनी पत्र्याच्या पेटीतून कागद काढले. दंडाच्या जुन्या पावत्या आणि गाव नमुना एक-ई चा उतारा, त्यावर सासऱ्यांचे नाव आणि 1990 च्या आधीचे साल! सरकारने शिक्षा म्हणून दिलेली पावती हाच आज ताब्याचा पुरावा. आम्ही रात्री कंदिलाशी बसून (वीज गेली होती) अर्जाचा मसुदा लिहिला, वारसांची नावे घातली, जोडपत्रांना क्रमांक दिले. वस्तीत असे आणखी अकरा जण निघाले. मग एक दिवसाची रजा वाढवली आणि बाराही अर्ज लिहूनच उठलो. तहसिलात बाराही जणांनी एकाच दिवशी जायचे आणि प्रत्येकाने पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही, असे ठरले.

निघताना नातीने शेताच्या खालच्या कोपऱ्यात नेले. उतारावरचे सगळे पाणी तेथे उतरते. तिने पावलांनी मोजून चार दगड रोवले होते. तळ्याची जागा. दगडांच्या आतही काढणीला आलेली तूर उभी होती; पाणी येईपर्यंत रान कशाला पडू द्यायचे, असे मावशींचे म्हणणे.