नायगाव : बेचाळीस चाळींचे गाव

दादर आणि परळ यांच्या पूर्वेला असलेले नायगाव नकाशावर मुंबईची एक वस्ती असले, तरी तेथील बीडीडी चाळींत वाढलेल्यांच्या लेखी ते ४२ चाळींचे स्वतंत्र गावच होते. बीडीडी म्हणजे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेले सरकारी खाते. कामगारवस्तीसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता आणि त्याच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. चाळीमागे ८० खोल्या धरल्या, तर संकल्पाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

तळमजल्यावर तीन मजले, मजल्याच्या मधोमध अंधारा बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या दहा-दहा खोल्या आणि सामाईक संडास अशी ही रचना कामगारांना प्रथम पसंत पडली नाही, आणि भाडेही परवडत नसल्याने कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. पुढे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी त्या इतक्या भरल्या की, पाळीप्रमाणे, म्हणजे गिरणीतील कामाच्या वेळेप्रमाणे, एकाच वळकटीवर आलटून पालटून झोपणे रीतीचे झाले.

प्रस्तुत लेखकाच्या पिढीच्या वाट्याला कुटुंबवत्सल चाळ आली, तरी मोरी, म्हणजे कोपऱ्यातील अंघोळीची व भांडी घासण्याची जागा, सोडता खोलीत जे मावत नसे ते बोळात येई. मुलांचा अभ्यास, पापड, भांडण, आजारी माणसाची खाट, सारे काही तेथेच. या सामाईक जगण्याचे गोडवे फार गायले जातात; ते गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहाटे संडासाच्या रांगेत उभे राहणे केव्हाच सोडलेले असते, आणि बायकांना त्या रांगेचा जो जाच होई तो गोडव्यांत कधी येत नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीबरोबर नायगावातही दंगल झाली व तिच्या चौकशीसाठी भस्मे आयोग नेमावा लागला, म्हणजे शेजारधर्मालाही जातीची सीमा होतीच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप, जो औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही, त्याने मात्र बोळाच्या दोन्ही बाजूंच्या चुली सारख्याच थंड केल्या, आणि घर चालवण्याचा भार खानावळी व शिवणकाम करणाऱ्या बायकांवर आला.

म्हाडामार्फत चाललेल्या पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मिळणार असून त्यात स्वतःचा संडास आहे, एवढ्या एका कारणानेही तो योग्य ठरतो. परंतु उरलेल्या इमारती पाडण्यापूर्वी किमान एका चाळीची खोलीवार मोजमापे आणि तेथील वृद्ध रहिवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आठवणी शासनाने लिहून घ्याव्यात; हे काम इमारत उभी असतानाच होऊ शकते.