धुऱ्यावरचा वकील

आज वकील म्हटला कीं कोर्टांतला काळा कोट डोळ्यांपुढें येतो. मराठेशाहींत मात्र एका दरबाराचा निरोप दुसऱ्या दरबारीं पोहोंचविणारा, तेथेंच राहून तेथील हकीकत आपल्या धन्यास कळविणारा जो अधिकारी, त्यास वकील म्हणत. इंग्रज आपल्या अशा माणसास रेसिडेंट म्हणत. हा जुना अर्थ पुस्तकांत वाचला त्या दिवशीं मी दचकलों. कारण तसा वकील मी लहानपणींच होऊन चुकलों होतों, आणि फार वाईट वकील झालों होतों.

आमचें शेत चिखलीपासून दोन कोसांवर. वडिलांचें व काकांचें शेत लागून. मध्यें एक धुरा. मी आठवींत असतां त्या धुऱ्यावरून दोघां भावांत अबोला पडला. घरें शेजारीं, मधली भिंत एक. तरी निरोप न्यावयाचा तो मींच. एके दिवशीं वडील म्हणाले, "जा, काकाला विचार, मोजणी बोलावूं का?" काका म्हणाले, "दादांना म्हणावें, खुशाल बोलवा; फक्त तूर निघूं द्या, उभें पीक तुडवलें जाईल." मीं घरीं येऊन सांगितलें, "काका मोजणीला नाहीं म्हणतात." खोटें बोलावें असा बेत नव्हता. वडिलांचा राग मला माझाच वाटत होता, आणि त्या रागाला शोभेल असेंच उत्तर मीं आणलें. पुढें दोन वर्षें बोलणें बंद राहिलें. चुलत बहिणीच्या लग्नाच्या अक्षता भिंतीपलीकडे पडल्या. आम्ही मंगलाष्टकें ऐकत घरांत बसलों.

दहावींत निबंधस्पर्धेसाठीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचें चरित्र वाचण्याचा योग आला. स्कॉटलंडमधील एका उमराव घराण्यांत १७७९ सालीं जन्मलेला हा मुलगा १७९६ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, कलकत्त्यास उतरला. १८०३ च्या युद्धांत तो जनरल वेलस्लीच्या बरोबर होता. त्या वर्षीं २३ सप्टेंबरला असईची आणि २९ नोव्हेंबरला अडगांवची लढाई झाली. असई आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यांत, अडगांव अकोला जिल्ह्यांत. म्हणजे हा परका तरुण आमच्या अंगणावरूनच गेला म्हणावयाचा. १७ डिसेंबरला देवगांवचा तह होऊन नागपूरकर भोंसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावा लागला व तो निजामाकडे गेला. मग त्याच भोंसल्यांच्या दरबारीं एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून बसला. तेव्हां त्याची पंचविशीही उलटली नव्हती.

१८०८ सालीं त्याला काबूलच्या शहाकडे पाठविण्यांत आलें. फ्रेंच त्या वाटेनें हिंदुस्थानांत उतरतील, असें भय कंपनी सरकारास होतें. १८०९ मध्यें पेशावर येथें शाह शुजाची भेट झाली, तहही झाला. परंतु त्याच वर्षीं शुजाचें तख्त गेलें आणि तह वांयां गेला. स्वतः एल्फिन्स्टन काबूलपर्यंत पोहोंचलाही नाहीं. पण तेथील टोळ्या, त्यांचे रीतिरिवाज, त्यांची शेती, यांची माहिती त्यानें विचारून विचारून टिपून घेतली आणि १८१५ सालीं त्या देशाविषयीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तह बुडाला, ग्रंथ राहिला.

१८११ पासून तो पुण्यास रेसिडेंट होता. येथें त्याची दुसरी बाजू दिसते. १३ जून १८१७ च्या तहानें त्यानें बाजीरावाकडून मराठमंडळाचें प्रमुखपण सोडवून घेतलें. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. संगमावरील रेसिडेन्सी जळाली, आणि तींत त्याचीं पुस्तकें व कागदपत्रेंही गेलीं. पुढें पेशवाईच बुडाली. एवढें झाल्यावर जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं त्यानें जो अहवाल लिहिला, त्यांत हरलेल्यांची निंदा करून तो थांबला नाहीं. गांवकी कशी चालते, पाटील-कुळकर्णी काय करितात, पंचायत न्याय कसा देते, हें दोषांसह त्यानें मांडलें. आणि जें चांगलें आहे तें मोडूं नये, अशी शिफारस केली. त्यानंतर १८२७ पर्यंत तो मुंबईचा गव्हर्नर होता.

त्याला मी थोर म्हणावें काय? माझ्यानें तें होत नाहीं. जें ज्ञान त्यानें मिळविलें तें मुख्यतः कंपनीच्या राज्यासाठीं. ज्याचें घर नीट पाहिलें, त्याच घराची किल्ली त्यानें घेतली. परंतु ज्याच्याशीं वैर मांडलें त्याचें म्हणणें नीट ऐकून आपल्या धन्याला कळवावें, हें त्यानें केलें; आणि ज्याच्याशीं वैर मांडण्याचें मला कांहींच कारण नव्हतें, त्या सख्ख्या काकांचें एक वाक्य मला भिंतीपलीकडून धड आणतां आलें नाहीं! निबंध अर्धा लिहून मीं लेखणी खालीं ठेवली.

त्याच रात्रीं मीं वडिलांना खरें सांगितलें. ते रागावले असते तर बरें झालें असतें. ते कांहींच बोलले नाहींत. बराच वेळ अंगणांत उभे राहिले. सकाळीं भिंतीला वळसा घालून ते काकांच्या दारीं गेले. पुढें तूर निघाल्यावर मोजणी झाली. धुरा कोणाकडे किती सरकला, हें सांगण्याजोगें नाहीं, इतकें तें थोडें होतें. ताईचें लग्न मात्र पुन्हां व्हावयाचें नव्हतें.

विद्यार्थिमित्रांनो, दोन घरांतील निरोप आज तुमच्यापैकीं कोणी नेत असेल. पलीकडच्याचे शब्द जसेच्या तसे आणा. आपल्या माणसाला ते आवडणार नाहींत असें वाटलें, तर अधिकच जपून आणा.