आमच्या डोंगरातली ठिकाणे

चैत्र संपत आला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरोघर येऊन पडले, की आम्हां सातारकरांना एक प्रश्न हटकून विचारला जातो. पुण्यामुंबईचे स्नेही, जुने विद्यार्थी, नातलगांचे नातलग, सारे तोच प्रश्न घेऊन येतात : "तुम्ही तिकडचेच. तेव्हा चार दिवस राहावे असे एखादे ठिकाण सांगा पाहू. पण लोकांना ठाऊक नसलेले!" ह्या प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर देणे सोपे आहे. अडचण आहे ती शेवटच्या चार शब्दांची. जे ठिकाण लोकांना ठाऊक नाही ते मी सांगितले, की ते लोकांना ठाऊक झालेच. म्हणजे सांगण्याच्या क्रियेतच त्या ठिकाणाचा तो एकुलता एक गुण नाहीसा व्हायचा. बरे, न सांगावे, तर आतिथ्यधर्म बुडतो, आणि ह्या गृहस्थाला आपले डोंगर लपवून ठेवायचे आहेत असा प्रवादही पसरतो. सौंदर्याचा कृपणपणा हा पैशाच्या कृपणपणाहून काही कमी निंद्य नव्हे.

वस्तुतः डोंगरात राहणाऱ्या माणसाची सुटी आणि डोंगरात येणाऱ्या माणसाची सुटी ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. पाहुणा ठिकाण पाहतो. आम्ही वेळ पाहतो. त्याला कोठे जावे ह्याची चिंता, तर आम्हांला केव्हा जावे ह्याची. महाबळेश्वरचेच उदाहरण घ्या. साडेचार हजार फूट उंचीवरचे हे गाव दोन आहे, हे पुष्कळ पाहुण्यांना ठाऊक नसते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी 1828 च्या सुमारास गोऱ्या अंमलदारांच्या हवापालटासाठी जी वस्ती वसविली, ती पेठ म्हणजे एक महाबळेश्वर. त्याच्या कितीतरी आधीपासून, नद्यांच्या उगमापाशी देवळांच्या आश्रयाने राहिलेले क्षेत्र, ते दुसरे. पहिल्याने डोंगराच्या प्रत्येक कड्याला साहेबांची, मडमांची व त्यांच्या लेकीबाळींची नावे दिली. माल्कमसाहेबांच्या कन्येचे नाव मिळण्यापूर्वी केट्स पॉइंटला आमची माणसे नाके खिंड म्हणत. आणि ज्याला आज विल्सन पॉइंट म्हणतात, तो सर्वांत उंच माथा पूर्वी सिंदोळा होता. नावाबद्दल माझी मोठीशी तक्रार नाही. पण नाव बदलले की त्या ठिकाणी जाण्याचे कारणही बदलते, एवढे मात्र खरे. खिंडीतून माणसे पलीकडे जात असत; पॉइंटावरून ती परत फिरतात.

माझे आवडते ठिकाण ह्या दुसऱ्या महाबळेश्वरात आहे. पंचगंगेच्या देवळात गर्दी असते; पण तेथून थोडे मागे गेले, की कृष्णाबाईचे जुने दगडी देऊळ लागते. काळवंडलेले खांब, शेवाळलेली फरसबंदी, गोमुखातून कुंडात पडणारी पाण्याची बारीक धार, आणि समोर एकदम उघडणारे कृष्णेचे खोरे. पहाटे धुके वर चढत असताना तेथे बसावे. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक म्हणून जो रुक्ष शब्द असतो, त्याचा अर्थ तेथे कळतो. ह्याच माथ्यावरच्या पावसाचा एक थेंब कृष्णेत पडला तर सुमारे चौदाशे किलोमीटरांची यात्रा करून बंगालच्या उपसागराला मिळतो. शेजारचाच दुसरा सावित्रीच्या वाट्याला गेला, तर कडा उतरून बाणकोटच्या खाडीवाटे पश्चिम समुद्रात जातो. वेण्णा माहुलीला व कोयना कऱ्हाडला पुन्हा कृष्णेच्या गळ्यात पडतात; सावित्री आणि गायत्री मात्र माहेरच्या उंबऱ्यावरच पाठ फिरवून कोकणात गेल्या, त्या गेल्याच.

दुसरे ठिकाण म्हणजे खरे पाहता ठिकाण नव्हे. तो एक रस्ता आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला आणि तेथून महाबळेश्वरला जाणारा. ह्या रस्त्याने आषाढात एस.टी.च्या गाडीतून, खिडकीशी बसून जावे. वाईला वर्षाकाठी हजार मिलिमीटरांच्याही आत पाऊस. पाचगणीला त्याच्या दुपटीहून अधिक. आणि आणखी एकोणीस किलोमीटर पुढे गेलात की महाबळेश्वरला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर! खाली वाईला छत्री मिटलेली असते, पसरणीच्या वळणांवर ती उघडावीशी वाटते, आणि वर पोहोचेपर्यंत छत्री ही वस्तू मनुष्याने कशाला शोधून काढली असा प्रश्न पडतो. पाहुण्यांच्या लेखी हा हंगाम नव्हे. आमच्या लेखी मात्र डोंगराचा खरा हंगाम हाच. कारण ह्या दिवसांत डोंगर कोणासाठीही नटलेला नसतो, तो आपल्या कामात असतो. अर्थात हे काम नेहमीच सौम्य असते असे नाही. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यातल्या वस्त्यांवर दरडी येऊन माणसे गाडली गेली. पावसाची हौस करताना ही गोष्ट विसरू नये.

घाटाच्या पायथ्याची ठिकाणे मी कोणालाही निःशंकपणे सांगतो. वाईचे घाट व ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा, आणि त्याच्या मागच्या घाटावर टांगलेली, 1739 च्या वसईच्या विजयानंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा. पाचगणीपलीकडचे भिलारही तसेच. स्ट्रॉबेरीचे हे गाव मे 2017 मध्ये पुस्तकांचे गाव झाले, आणि तेव्हापासून घराघरांच्या पडव्यांत कोठे कादंबऱ्या, कोठे चरित्रे, कोठे बालवाङ्मय मांडलेले असते. परक्याच्या ओसरीवर बसून, चहाच्या कपाबरोबर त्याच्याच कपाटातले पुस्तक वाचावे, ह्यासारखी सुटी माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला दुसरी कोणती असणार? ही ठिकाणे माणसांनी माणसांसाठी घडविलेली आहेत. माणसांच्या येण्याजाण्याने ती झिजतील. पण मरणार नाहीत.

कासच्या पठाराची गोष्ट वेगळी. साताऱ्याहून पंचवीस किलोमीटरांवर, जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावर, काही इंचच काय ती माती. त्या मातीवर पावसाळ्याच्या अखेरीस तेरड्याची गुलाबी, सोनकीची पिवळी आणि सीतेच्या आसवांची निळीजांभळी गालिचेवजा रास पसरते. ही सीतेची आसवे दिसायला नाजूक. पण निकस जमिनीत भागत नाही म्हणून सूक्ष्म जीव गिळून पोट भरणारी. आम्ही मुले होतो तेव्हा कासला लोक जात ते तलावासाठी; कारण एकोणिसाव्या शतकापासून साताऱ्याला पाणी येते ते तेथून. फुले होती, पण ती पाहायला म्हणून कोणी जात नसे. मग तिचे नाव झाले. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात कास आले, आणि पाहता पाहता मोटारींच्या रांगा लागल्या. फुलांत लोळून छायाचित्रे काढून घेणाऱ्यांना आवरण्यासाठी कुंपण घालावे लागले, रोजच्या माणसांची संख्या ठरवावी लागली, तिकीट आले. कुंपणाने गुरांचे चरणे थांबले, तेव्हा त्यानेच गवत माजून फुले दबतात की काय असा वाद उठला, आणि पुढे कुंपणही निघाले. पाहुण्यापासून फुलाचे रक्षण करावे तर गुराशी असलेले त्याचे जुने नाते तुटते, हे कोणाच्या ध्यानात आले होते!

एवढे पाहिल्यावर मी मौन पत्करावे, असे कोणीही म्हणेल. काही वर्षे माझीही तशी वृत्ती झाली होती. परंतु मौनाचाही एक खर्च असतो, आणि तो मौन पाळणाऱ्याला द्यावा लागत नाही. जावळी-पाटणच्या खोऱ्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जाऊन पाठीवर ओझी वाहत आली. कासच्या आसपासच्या गावांतली तरुण मुले आज पठारावर तिकिटे फाडतात, वाट दाखवितात, फुलांची नावे सांगतात आणि रात्री आपल्या घरी जेवतात. पेन्शनीची वाट पाहत बसलेल्या प्राध्यापकाने आपल्या एकांताच्या सुखासाठी त्या मुलांना माथाडीच्या रांगेत परत उभे करावे, हे कोणत्या नीतिशास्त्रात बसते?

ह्या पेचातून मला वाट सापडली ती एका तिसऱ्याच ठिकाणी, आणि ती दाखविली माझ्या आईने. कास ओलांडून रस्ता उतरत गेला की बामणोली येते. समोर कोयनेचा शिवसागर पसरलेला. पलीकडे दाट जंगलात वासोट्याचा किल्ला. उत्तरेस तापोळे, ज्याला हल्ली हौशी लोक लहान काश्मीर म्हणतात. पाण्याकडे पाहून कोणालाही वाटावे की हे येथे सृष्टीच्या आरंभापासून आहे. ते आहे धरण 1964 मध्ये पुरे झाले तेव्हापासून. सुमारे 105 अब्ज घनफूट पाणी जेथे साठते, त्या तळाशी भाताची खाचरे होती, देवळे होती, गावे होती. त्यांतल्या एका गावात माझे आजोळ होते.

काही वर्षांपूर्वी वैशाखात मी आईला व मामांना घेऊन बामणोलीहून होडीत बसलो. होडीत मुंबईची पाचसहा तरुण मंडळी होती. गाणी चालली होती, छायाचित्रे चालली होती. एका वळणाशी आई होडीवाल्याला म्हणाली, "जरा हळू घे रे बाबा. खाली आमचं घर आहे." त्याने यंत्रच बंद केले. तोही त्याच खोऱ्यातला. त्याला अधिक सांगावे लागले नाही. पाणी पुष्कळ उतरले होते. काठच्या गाळपेरीच्या वर एका देवळाच्या जोत्याचे चार दगड दिसत होते. मामा म्हणाले, "ताई, तो पार नव्हे का?" आई म्हणाली, "पार नव्हे, देऊळ. पार त्याच्या खाली." मग तिने, गाव सोडले तेव्हा परकर नेसणाऱ्या मुलीच्या नजरेने, सारे गाव त्या सपाट पाण्यावर बोटाने मांडून दाखविले : इथे ओढा, इथे आमचा गोठा, इथे शिमग्याची होळी. तरुण मंडळींची गाणी केव्हा थांबली ते कळलेच नाही. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "आजी, मग तुमचं गाव आता कुठं आहे?"

"चार जिल्ह्यांत," आई म्हणाली.

तिने हे रडून सांगितले नाही, की कोणाला दोष देऊनही नाही. धरणाबद्दल तिची तक्रार असती तर ती मी कोणत्या तोंडाने ऐकली असती? ज्या दिव्याखाली बसून मी परीक्षा दिल्या, त्या दिव्यात कोयनेची वीज होती. आज कोयना प्रकल्पाच्या चार टप्प्यांची मिळून 1,960 मेगावॉट वीज महाराष्ट्राला मिळते. तिला फक्त एवढेच हवे होते, की पाणी पाहणाऱ्याने पाण्याखालचेही पाहावे.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे, की ठिकाणे सांगितल्याने बिघडत नाहीत. ती अर्धवट सांगितल्याने बिघडतात. नुसते नाव आणि छायाचित्र हिंडू लागले, की पाहुण्याला ते ठिकाण रिकामे वाटते. आणि रिकाम्या जागेत मनुष्य काय वाटेल ते करतो. तेथे कोण राहते, कोणाची गुरे चरतात, पाणी कोठून येते व कोठे जाते, हे कळले की तोच मनुष्य आपोआप हळू बोलू लागतो, जसा आपण दुसऱ्याच्या घरात बोलतो. आज ह्याची निकड अधिक आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तरी गर्दी वाढतेच आहे. ती विभागावी म्हणून कोयनेच्या खोऱ्याभोवतीची शेकडो गावे धरून नवे महाबळेश्वर वसविण्याची योजना पुढे आली आहे. जुने वसले तेव्हा सिंदोळ्याला त्याचे नाव कोणी विचारले नव्हते. नवे वसताना ह्या गावांना त्यांचे म्हणणे विचारले जाईल की नाही, हे काही अंशी येणारे पाहुणे काय पाहायला येतात ह्यावरही अवलंबून राहील.

म्हणून आता मला कोणी ठिकाण विचारले की मी सांगतो. बामणोलीला जा. गर्दी टाळायची असेल तर शनिवार-रविवार सोडून जा. भर पावसात नको, वैशाखात जा. ऊन लागेल, पण पाणी खाली गेलेले असेल. आणि होडीत बसलात, की पहिल्या प्रथम होडीवाल्याला विचारा, त्याचे गाव कोठे होते.